दुसऱ्याची कहाणी ही अमानत आहे

गोराईच्या खाडीवर उभे राहिले की पलीकडे विपश्यना पॅगोडाचा सोनेरी घुमट दिसतो. त्याच्या शेजारीच १९८९ साली एस्सेलवर्ल्ड सुरू झाले. ते उभारणाऱ्या सुभाष चंद्रा यांनी तीन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९९२ रोजी, झी टीव्ही सुरू केला आणि खासगी वाहिन्या घराघरात पोहोचल्या. खाडीच्या अलीकडे, गोराई आणि चारकोपच्या म्हाडा वसाहतींत, या वाहिन्यांवर चूल पेटणारी कितीतरी घरे आहेत. कोणी लाइटमन आहे, कोणी मेकअप दादा, कोणी सेटवर स्पॉटबॉय. अलीकडे या घरांत एक नवे नाव कानावर पडू लागले आहे : कास्टिंग रिसर्चर.

मुलीला पाहायला आलेले पाहुणे विचारतात, "मुलगी काय करते?" आई अडखळते. "टीव्हीत आहे," म्हटले की पाहुणे चहाच्या कपात बघू लागतात. आमच्या परिचयाच्या दोन घरांत असे घडले. म्हणून हे काम नेमके काय आहे, त्यात चांगले काय आणि जपण्यासारखे काय, हे वाचकांपुढे ठेवावे असे आम्हाला वाटले.

मालिकेसाठी नट-नट्या निवडतो तो कास्टिंग डायरेक्टर. गर्दीतली माणसे पुरवतो तो को-ऑर्डिनेटर. पण टीव्हीवर मालिकांखेरीजही बरेच काही असते. प्रश्नमंजुषा, गाण्याच्या स्पर्धा, सामाजिक विषयांवरचे कार्यक्रम, खऱ्या माणसांच्या खऱ्या गोष्टी. ही खरी माणसे कोणीतरी शोधावी लागतात. त्यांना गाठायचे, त्यांचे ऐकून घ्यायचे, ते सांगतात ते खरे आहे का हे तपासायचे आणि मग निर्मात्यापुढे त्यांची माहिती ठेवायची, हे रिसर्चरचे काम.

'कौन बनेगा करोडपती' ३ जुलै २००० रोजी सुरू झाले. त्यात खुर्चीवर बसणाऱ्या स्पर्धकाच्या घरची छोटी फिल्म आपण पाहतो. तिच्यासाठी आधी कोणीतरी त्या माणसाशी तासन्‌तास बोललेले असते. २०१९ साली अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे यांनी तिथे एक कोटी रुपये जिंकले. त्या शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवत, महिन्याला दीड हजार रुपये मानधनावर. त्यांची विद्वत्ता त्यांची स्वतःची. पण त्यांची खिचडी, त्यांची शाळा आणि त्यांचे मानधन देशाला कळले, ते कोणीतरी त्यांना नीट प्रश्न विचारले म्हणून.

सत्यजित भटकळ यांनी दिग्दर्शित केलेले 'सत्यमेव जयते' ६ मे २०१२ रोजी सुरू झाले. पहिलाच भाग स्त्रीभ्रूणहत्येवर होता. पोटातल्या मुलीसाठी सासरशी लढलेल्या बाया त्यात स्वतःच्या तोंडाने बोलल्या. अशा बाईपर्यंत पोहोचणे सोपे नसते. पोहोचल्यावर तिचा विश्वास बसणे त्याहून अवघड.

आमची एक माजी विद्यार्थिनी गोराईतच राहते आणि चार वर्षे हे काम करते. दहावीपर्यंत उर्दू माध्यम, पुढे मराठीतून बीए, मग मास कम्युनिकेशनचा एक वर्षाचा कोर्स. सकाळी मेट्रोने ती अंधेरी पश्चिमेला जाते. निर्मिती कंपन्यांची कार्यालये त्या बाजूला आहेत आणि ऑडिशनसाठी प्रसिद्ध असलेले वर्सोव्याचे आराम नगरही तिथून जवळच. हातात एक कागद पडतो, त्याला 'ब्रीफ' म्हणतात. एकदा त्यावर लिहिले होते : आई आणि मुलगी, दोघी एकाच वर्षी दहावी पास झालेल्या.

मग ती रात्रशाळांच्या मुख्याध्यापकांना फोन करते. अंगणवाडी सेविका, बचत गटाच्या ताई, मशिदीचे ट्रस्टी, तालुक्याचे वार्ताहर, सर्वांना विचारते. तिच्या सांगण्यानुसार चाळीस फोन केले तर पाच-सहा घरी जाण्याजोगे निघतात आणि त्यांतले एखादे पडद्यावर येते. घरी गेल्यावर मोबाइलवर तीन-चार मिनिटांचे चित्रण करायचे. गुणपत्रिका, आधार कार्ड बघायचे. शेजाऱ्यांशी बोलायचे. घरातल्या कोणाची हरकत आहे का, हे वेगळे टिपून ठेवायचे. ती म्हणते, "मॅडम, लोक पाणी देतात, मग चहा देतात आणि तिसऱ्या वेळी खरी गोष्ट देतात."

ही खरी गोष्ट हातात आली की पुढे काय करायचे, यातच या कामाची सारी परीक्षा आहे.

एका कार्यक्रमासाठी तिला नवऱ्याने टाकलेल्या आणि कोर्टात लढलेल्या स्त्रिया शोधायच्या होत्या. मालवणीत तिला अशी एक बाई भेटली. बाई दोन तास बोलली, रडली, फॉर्मवर सहीही केली. चित्रीकरणाला तीन दिवस उरले असताना तिचा फोन आला. मुलीचे स्थळ ठरत होते. "बेटा, मेरी बात मत दिखाना," एवढेच ती म्हणाली. वरिष्ठांचे म्हणणे पडले की सही झाली आहे, हवे तर चेहरा धूसर करू. आमच्या विद्यार्थिनीने सांगितले की चाळीतली माणसे आवाजावरूनही ओळखतील. तिने फाइलवर 'संमती मागे घेतली' असे लिहिले, मोबाइलमधले चित्रण पुसले आणि तसे कळवले. त्या भागात दुसरी बाई आली. पुढच्या पर्वासाठी मात्र या मुलीला बोलावणे आले नाही. दोन महिने ती घरी बसून होती, मग दुसरीकडे काम मिळाले. मालवणीतल्या त्या बाईला यातले काहीच ठाऊक नाही.

सही एकदाच होते. रजामंदी मात्र शेवटपर्यंत टिकावी लागते. आपल्या दीनमध्ये अमानतीचे जे मोल सांगितले आहे ते केवळ पैशा-दागिन्यांपुरते नाही. विश्वासाने सांगितलेली गोष्ट हीसुद्धा अमानत आहे. सूरह हुजुरातमध्ये कानावर आलेल्या बातमीची खातरजमा करण्याची, कोणाची थट्टा न करण्याची, दुसऱ्याच्या उणिवा शोधत न फिरण्याची आणि गीबत न करण्याची ताकीद आहे. हे चार नियम एखाद्या रिसर्चरने भिंतीवर लावून ठेवावेत इतके त्याच्या रोजच्या कामाचे आहेत. आणि जिथे हे पाळता येणार नाहीत, तिथून उठून येण्याची तयारी हवी.

कार्यक्रम संपल्यावर माणसाचे काय होते, हाही प्रश्न आहे. बिहारच्या मोतिहारीचे सुशील कुमार यांनी २०११ साली पाच कोटी रुपये जिंकले. पुढे व्यसन, फसवणूक आणि घरातली ओढाताण यांनी त्यांना कसे घेरले, हे त्यांनी २०२० साली स्वतःच जाहीरपणे लिहिले. प्रसिद्धी दारात येते तेव्हा तिच्या मागे मागणारे, फसवणारे आणि हसणारेही येतात. समोरच्याला हे आधी समजावून सांगणे चांगल्या रिसर्चरचे कर्तव्य आहे.

आता आपल्या समाजाशी थेट संबंध असलेली एक बाब. ब्रीफवर 'मुस्लिम कुटुंब' असे आले की त्याबरोबर टोपी, सुरमा, बिर्याणी आणि मोडकी हिंदी न सांगता येते. याच विद्यार्थिनीने एकदा महाडकडचे एक औषध दुकानदार सुचवले. घरात कोकणी बोली, बाहेर स्वच्छ मराठी, पुस्तकांचे वेड. उत्तर आले, "कुटुंब मुस्लिम वाटत नाही." बार्शीचे शाहीर अमर शेख यांनी संयुक्त महाराष्ट्रासाठी डफ हाती घेतला, त्यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. तेही या कसोटीला उतरले नसते! रत्नागिरी, लातूर, कोल्हापूरच्या आपल्या माणसांची भाषा कोणती, हे मुंबईच्या कार्यालयात बसून कळत नाही. तिथे उर्दू आणि मराठी दोन्ही जाणणारी आपली मुले-मुली बसली, तर निदान कोणीतरी "असे नसते" म्हणू शकेल. या मुलीने दुसऱ्या एका कार्यक्रमासाठी तेच कुटुंब पुन्हा सुचवून ठेवले आहे.

शिक्षक म्हणून आम्हाला मुलांविषयीही बोलले पाहिजे. गाण्याच्या, नाचाच्या कार्यक्रमांसाठी रिसर्चर शाळांतही येतात आणि पालक हुरळून जातात. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि २०१७ साली नियम आले. त्यांनुसार चौदा वर्षांखालील मुलाला दिवसात पाच तासांहून अधिक आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक काम देता येत नाही. निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते आणि पालकांची संमती जोडावी लागते. दर पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती नेमावी लागते. सलग सत्तावीस दिवसांहून अधिक काम नाही, शिक्षणात खंड पडता कामा नये. मुलाच्या कमाईचा किमान वीस टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावाने मुदत ठेवीत गेला पाहिजे. आणि मुलाच्या मनाविरुद्ध त्याला उभे करता येत नाही. ही शेवटची अट घरात सर्वांत आधी विसरली जाते.

तुमच्या दारात कोणी रिसर्चर आला तर घाबरू नका, भारावूनही जाऊ नका. पुढील गोष्टी विचारा :

१. कार्यक्रम कोणता, वाहिनी कोणती, निर्मिती संस्था कोणती? मग त्या संस्थेच्या कार्यालयात स्वतः फोन करून त्याचे नाव पडताळा.

२. माझी गोष्ट कोणत्या विषयाखाली दाखवणार? माझ्यासोबत आणखी कोण असेल?

३. फॉर्म घरी नेऊन वाचता येईल का? न समजणारी भाषा असेल तर जाणकाराकडून वाचून घेतल्याशिवाय सही करू नका.

४. मन बदलले तर कोणाला सांगायचे, कधीपर्यंत? हे लेखी घ्या.

५. नोंदणी, पोर्टफोलिओ किंवा ऑडिशनच्या नावाने पैसे मागितले तर तिथेच थांबा. निवडीसाठी आपण पैसे द्यायचे नसतात. ऑनलाइन फसवणूक झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करा.

ज्यांच्या मुली या क्षेत्रात जाऊ पाहतात त्या आई-वडिलांनीही काही पाहावे. काम बहुधा कंत्राटी असते, एका पर्वापुरते. मोबदला कधी मिळणार हे आधी लिहून घ्यावे. उशीर झाला तर घरी सोडण्याची सोय आहे का, हे विचारण्यात कमीपणा नाही. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावीच लागते. तिच्या सदस्यांची नावे मुलीला पहिल्याच आठवड्यात माहीत हवीत. नमाज, पेहराव, कोणत्या विषयावर काम करणार आणि कोणत्या नाही, हेही सुरुवातीलाच स्पष्ट बोलावे.

यासाठी वेगळी पदवी लागते असे नाही. नम्रपणे विचारता येणे, धीराने ऐकता येणे, ऐकलेले पडताळता येणे आणि जे सांगायचे नाही ते पोटात ठेवता येणे, एवढे लागते. हे चारही गुण आपल्या आई-आजींनी मोहल्ल्यात पिढ्यान्‌पिढ्या वापरले आहेत. कोणाच्या घरी काय दुःख आहे हे त्यांना ठाऊक असे आणि तरीही ते चौकात येत नसे. तेव्हा पुढच्या वेळी पाहुण्यांनी विचारले की मुलगी काय करते, तर आईने चहा पुढे करत खुशाल सांगावे : लोक विश्वासाने सांगतात ते ती जपते.