परदेशी बिऱ्हाड, लेखांक ७ : उपनगर कोणासाठी निवडायचे?

मागच्या आठवड्यात लंडनच्या पगारातून घरभाडे, कौन्सिल टॅक्स आणि प्रवासखर्च वजा जाता हातात काय उरते, याचा हिशेब आपण मांडला. त्यानंतर घराचा शोध सुरू होतो आणि बहुतेक कुटुंबांत तो एकाच वाटेने जातो. आधी नकाशावर ऑफिस शोधायचे, तिथून पाऊण-एक तासात गाठता येतील अशी स्टेशने पाहायची आणि त्यांतले भाडे परवडणारे, आपली माणसे असलेले एक पक्के करायचे. हॅरो, वेम्ब्ली, हाउन्स्लो, इलफर्ड, स्लाऊ, रेडिंग ही नावे अशीच पुढे येतात. या ठिकाणांबद्दल माझी तक्रार नाही, पण शोधाची सुरुवात चुकीच्या टोकाकडून होते असे मला वाटते. नोकरी करणारा माणूस सकाळी उपनगरातून निघतो आणि दिवेलागणीला परततो. दिवसभर तिथे असतात ती मुले आणि, निदान पहिले काही महिने तरी, जोडीदार. म्हणून उपनगर निवडावे ते घरी राहणाऱ्यांच्या दिवसावरून, आणि अंतरे मोजावीत ती शाळेच्या फाटकापासून.

हे म्हणण्यामागे भावनेपेक्षा इंग्लंडमधली शाळाप्रवेशाची पद्धत अधिक आहे. वर्क व्हिसावर आलेल्या कुटुंबांना सरकारी मदतीच्या बहुतेक योजना बंद असतात, पण सरकारी शाळेतले मोफत शिक्षण त्या बंदीत येत नाही. प्रवेशाचा अर्ज स्थानिक कौन्सिलकडे जातो. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की सरकारी देखरेखीखालची मुले, शाळेत आधीच असलेल्यांची भावंडे अशा क्रमाने जागा दिल्या जातात आणि उरलेल्यांचा निकाल बहुधा घर ते शाळा या अंतरावर लागतो. नावाजलेल्या शाळांत हे अंतर अनेकदा अर्ध्या मैलाच्या आतच संपते. सप्टेंबरात सुरू होणाऱ्या वर्गासाठी प्राथमिकचे अर्ज १५ जानेवारीपर्यंत आणि माध्यमिकचे त्याआधीच्या ३१ ऑक्टोबरपर्यंत द्यावे लागतात. बदलीवर येणारे कुटुंब या तारखा क्वचितच गाठते. ते वर्षाच्या मध्ये येते आणि जिथे जागा रिकामी असेल तिथे त्याच्या मुलाला प्रवेश मिळतो. पहिल्या तीन लहान वर्गांत एका शिक्षकामागे ३० मुलांची मर्यादा कायद्याने घातलेली असल्याने 'एक मूल जास्त घ्या' ही विनवणी तिथे सहसा चालत नाही. परिणामी शेजारची उत्तम शाळा भरलेली असते आणि थोरल्याला एका टोकाची, धाकटीला दुसऱ्या टोकाची शाळा मिळते. दोन्हीकडे पावणेनऊच्या सुमारास सोडायचे, सव्वातीनच्या सुमारास आणायचे, आणि लहान मुलांना न्यायला मोठे माणूस हवेच. ज्या घरी हे घडते, तिथे ऑफिसच्या प्रवासात वाचलेली पंधरा मिनिटे कोणाच्याच कामी येत नाहीत. म्हणून घरांच्या जाहिराती पाहण्याआधी कौन्सिलच्या प्रवेश विभागाला एकच प्रश्न विचारावा : आमच्या मुलांच्या वयाच्या वर्गांत आज कोणत्या शाळांत जागा आहे?

जोडीदाराचा दिवसही असाच तपासून पाहावा. भारतीय लायसन्सवर तिथे बारा महिनेच गाडी चालवता येते. पुढे तिथली लेखी आणि रस्त्यावरची परीक्षा द्यावी लागते, कारण भारतीय लायसन्स थेट बदलून मिळत नाही. त्यामुळे शाळा, दवाखाना, वाणसामान आणि बाग पायी गाठता येतील असे उपनगर मोठ्या बागेच्या पण आडबाजूच्या घरापेक्षा कितीतरी मोलाचे. स्किल्ड वर्कर व्हिसावर आलेल्या माणसाच्या जोडीदाराला काम करण्याची मुभा असते, पण ते काम कुठे मिळेल हे घर घेताना माहीत नसते. इथे जंक्शनचा फायदा कळतो. हॅरो अँड वील्डस्टोनवरून युस्टनकडेही जाता येते आणि वॉटफर्डकडेही. रेडिंग आणि स्लाऊमध्ये तर गावातच नोकऱ्या आहेत. ट्यूबच्या टोकाचे चेशम देखणे आहे, पण तिथून रेल्वेची एकच वाट निघते. पाळणाघराचाही विचार आधीच करावा. तीन-चार वर्षांच्या सर्व मुलांना आठवड्याचे १५ तास मोफत मिळतात. नोकरदार पालकांसाठीचे ३० तास मात्र आई-वडील दोघेही सरकारी मदतीची बंदी असलेल्या व्हिसावर असतील तर मिळत नाहीत, त्यामुळे जोडीदाराच्या पगाराचा मोठा वाटा पाळणाघरातच जाऊ शकतो.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप प्रवासाचा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. आलॉइस स्टुटझर आणि ब्रुनो फ्राय या अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतील अनेक वर्षांच्या पाहणीची आकडेवारी तपासली, तेव्हा लांबचा प्रवास करणारी माणसे आयुष्याविषयी कमी समाधानी आढळली. जास्त पगार किंवा स्वस्त घर यांनी ती उणीव भरून निघालेली दिसली नाही. मुले झोपल्यावर घरी पोहोचणाऱ्या बापाला किंवा आईला हे आकड्यांतून सांगावे लागत नाही. तेव्हा प्रवासाला कमाल मर्यादा जरूर घालावी, दारापासून दारापर्यंत तासभर म्हणा. पण त्या मर्यादेच्या आत आणखी दहा मिनिटे वाचवण्यासाठी शाळेचा बळी देऊ नये. मर्यादा मोजताना गाडी किती वेळा बदलावी लागते तेही पाहावे. मे २०२२ मध्ये एलिझाबेथ लाइनचा मधला भाग सुरू झाला आणि पुढे पश्चिमेकडच्या गाड्या त्यातून थेट धावू लागल्या, तेव्हापासून स्लाऊमधला माणूस गाडी न बदलता कॅनरी व्हार्फला जाऊ शकतो. एकाच डब्यात बसून केलेला असा प्रवास दोनदा गाडी बदलून केलेल्या तेवढ्याच वेळाच्या प्रवासापेक्षा पुष्कळ सुसह्य असतो. वेस्ट ड्रेटन हे त्या बाजूचे लंडनच्या भाडे-झोन ६ मधले शेवटचे स्टेशन. स्लाऊ त्यापलीकडे असल्याने प्रवासभाडे वाढते आणि लंडनमधल्या शाळकरी मुलांना मिळणारा बसचा मोफत प्रवासही तिथे नाही.

दुसरा आक्षेप आपल्या माणसांचा. पहिल्या हिवाळ्यात चार वाजता अंधार पडतो, तेव्हा शेजारी ओळखीची भाषा ऐकू येणे ही मोठी गोष्ट आहे आणि तिला कमी लेखणे मला पटत नाही. पण रोजची गरज आणि रविवारची गरज यांत फरक करावा. महाराष्ट्र मंडळ लंडन १९३२ पासून आहे आणि त्याची वास्तू डॉलिस हिलला आहे. गणेशोत्सवाला तिथे कोणत्याही उपनगरातून जाता येते. रोज लागतो तो मुलांना शाळेतून आणताना भेटणारा, वेळप्रसंगी आपले पोर सांभाळणारा शेजार, आणि तो शाळेच्या फाटकाशी जुळतो, मग त्याची भाषा कोणतीही असो.

शाळांच्या दर्जाबद्दल थोडेच लिहितो, कारण तिथे माहितीपेक्षा जाहिरात जास्त असते. घरांचे एजंट 'आउटस्टँडिंग' शाळेचा दाखला देतात. पण २०१२ ते २०२० या काळात त्या श्रेणीच्या शाळांना नेहमीच्या तपासणीतून सूट होती आणि सप्टेंबर २०२४ पासून तपासणी करणाऱ्या ऑफस्टेडने सरकारी शाळांना एका शब्दातला एकूण शेरा देणेच बंद केले आहे. तेव्हा शेऱ्याची तारीख पाहावी आणि अहवाल पूर्ण वाचावा. स्लाऊ, सटन, बकिंगहमशायर इथल्या, परीक्षा घेऊन प्रवेश देणाऱ्या सरकारी ग्रामर स्कूलचे आकर्षण मूल नऊ-दहा वर्षांचे असेल तरच विचारात घ्यावे. त्या शाळांची परीक्षा सहसा तिथल्या सहावीच्या (इयर ६) सुरुवातीला, सप्टेंबरात होते आणि नावनोंदणी त्याआधीच बंद होते. चार वर्षांच्या मुलासाठी, तेही तीन वर्षांच्या बदलीवर, त्या नावापायी जास्त भाडे भरण्यात अर्थ नाही.

उरते ती एक खरी अडचण. पत्ता नसेल तर बऱ्याच कौन्सिली वर्षाच्या मध्ये केलेला अर्ज पुढे नेत नाहीत, आणि शाळा ठरल्याशिवाय घर पक्के करू नका असे मी सांगतो आहे. यातला चालण्याजोगा मार्ग असा : रिकाम्या जागांची चौकशी करून दोन कौन्सिली निवडाव्यात, त्यांतल्या एकीच्या हद्दीत महिना-दोन महिन्यांसाठी सामानासह घर घ्यावे, त्या पत्त्यावर चालेल का हे आधी विचारून अर्ज द्यावा, आणि शाळा मिळाल्यावर तिच्यापासून पायी अंतरावरच्या घराचा भाडेकरार करावा. कंपनी सुरुवातीचा निवासखर्च देत असेल तर तो ऑफिसजवळच्या हॉटेलवर न घालवता या घरासाठी मागून घ्यावा. भाडेकरारात कोणती कलमे तपासायची आणि अनामत किती द्यायची, ते पुढच्या आठवड्यात.