अपघाताचा खर्च कुठल्या खात्यात?

लेखमाला : सुरक्षित कारखाना – लेखांक ६

पॉवर प्रेसवर गार्ड बसवा, फूट पेडल काढून दोन्ही हातांनी दाबायची बटणे लावा, जमल्यास लाइट कर्टन घ्या, इथवर आपण मागच्या लेखांकात आलो. त्यानंतर लहान कारखानदाराच्या मनात एक प्रश्न उरतोच. हे बसवायला पैसे लागतात, सुरुवातीला तासाचे उत्पादनही थोडे घटते. ते भरून कसे निघणार? प्रश्न रास्त आहे. माणसाच्या हातापुढे पैशाचे काय, हे उत्तर खरे आहे आणि माझ्यापुरते पुरेसे आहे. पण भोसरीत किंवा वाळूजमध्ये बँकेचा हप्ता आणि ग्राहक-कंपनीने खाली आणलेला दर एकाच वेळी सांभाळणाऱ्या माणसाला हिशेबानेही उत्तर मिळाले पाहिजे.

समजा, दुसऱ्या पाळीत एका हेल्परची दोन बोटे डायखाली सापडली. तो ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) असेल तर उपचार त्या योजनेतून होतात. कामावर येता येत नाही तोवर सरासरी रोजाच्या ९० टक्के दराने भत्ता मिळतो आणि कायमचे अपंगत्व आले तर निवृत्तिवेतन. मालक यासाठी वेतनाच्या ३.२५ टक्के वर्गणी भरतो. कारखान्यात वर्षाला पाच अपघात झाले म्हणून ही वर्गणी वाढत नाही आणि एकही झाला नाही म्हणून कमी होत नाही. जर्मनीत अपघात विम्याची वर्गणी उद्योगातल्या धोक्यानुसार ठरते आणि कारखान्याच्या अपघातांची नोंदही तिच्यात धरली जाते. आपल्याकडे तसा संबंध नसल्यामुळे ‘ईएसआय आहे ना’ या वाक्यावर विषय संपतो.

विषय तिथे संपत नाही, कारण ईएसआय कामगाराचे नुकसान काही अंशी भरून देते, कारखान्याचे नाही. प्रेस बंद पडते. शेजारच्या मशिनवरची माणसे धावत येतात आणि त्या पाळीत कामाला पुन्हा सूर लागत नाही. सुपरवायझर आधी हॉस्पिटलमध्ये, मग पोलिसांपुढे, मग औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या चौकशीत अडकतो. घाईत डायला मार बसला असेल तर ती टूलरूममध्ये जाते. ठेकेदार दुसऱ्या दिवशी नवा मुलगा पाठवतो, पण त्याचा हात बसेपर्यंत रिजेक्शन वाढते. वाहन कंपन्या सुट्या भागांचा साठा जेमतेम ठेवतात, त्यामुळे माल उशिरा निघाला की स्वतंत्र टेम्पो करून पाठवावा लागतो. यातला प्रत्येक रुपया कुठे ना कुठे लिहिला जातो. पण तो ओव्हरटाइममध्ये, स्क्रॅपमध्ये, दुरुस्तीत, वाहतुकीत लिहिला जातो. ‘अपघात’ असा रकाना कोणत्याही वहीत नसतो, म्हणून वर्षअखेरीला मालकाला तो खर्च दिसत नाही.

हा विखुरलेला खर्च एकत्र करून मोजण्याचे काम ब्रिटनच्या ‘हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह’ या सरकारी यंत्रणेने केले. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासासाठी पाच ठिकाणे निवडली होती : एक बांधकाम, एक दुग्धप्रकल्प, एक वाहतूक कंपनी, उत्तर समुद्रातला एक तेलफलाट आणि एक रुग्णालय. प्रत्येक ठिकाणी काही महिने लहानमोठी प्रत्येक घटना नोंदवली गेली. कुणाला लागले नाही, पण माल सांडला किंवा यंत्र मोडले, तरी ती धरली. बांधकामावर हे नुकसान निविदेच्या रकमेच्या ८.५ टक्के निघाले. वाहतूक कंपनीत ते वर्षाच्या नफ्याच्या ३७ टक्क्यांएवढे होते. तेलफलाटाचा आकडा असा होता, की जणू आठवड्यातला एक दिवस उत्पादन बंदच असावे. विम्यापोटी होणाऱ्या खर्चाच्या तुलनेत, विम्यात न बसणारे नुकसान वाहतूक कंपनीत ८ पट, तर दुग्धप्रकल्पात ३६ पट भरले. अभ्यासाच्या काळात या पाचही ठिकाणी एकही मृत्यू झाला नव्हता, मोठी दुर्घटनाही नव्हती. म्हणजे हे सारे रोजच्या किरकोळ घटनांचे आकडे होते. आपल्या कारखान्यांना ते जसेच्या तसे लागू करू नयेत. आपली मजुरी, विमा, कायदा सगळेच वेगळे आहे. मोजण्याची रीत मात्र उचलण्यासारखी आहे.

खर्च वाचतो ही एक बाजू झाली. दुसरी बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते आणि तिच्यासाठी अमेरिकेतल्या ‘अल्कोआ’ या ॲल्युमिनियम कंपनीचे उदाहरण द्यावे लागेल. १९८७ मध्ये पॉल ओ’नील तिथे प्रमुख म्हणून आले आणि गुंतवणूकदारांसमोरच्या पहिल्याच भाषणात नफ्याऐवजी कामगारांच्या सुरक्षिततेवर बोलले. त्यांनी नियम केला : कुठेही कुणाला इजा झाली, तर त्या विभागाच्या प्रमुखाने २४ तासांत त्यांना कळवायचे आणि ती पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार तेही सांगायचे. आता २४ तासांत विभागप्रमुखाने ओ’नील यांना सांगायचे, तर त्याला ते त्याआधी फोरमनकडून कळायला हवे, आणि फोरमनला यंत्रावरच्या माणसाकडून. खालून वर बोलण्याची वाट अशी मोकळी झाली. इजा का झाली हे शोधताना प्रक्रिया कुठे बिघडते तेही कळू लागले. आणि ज्या वाटेने धोक्याची बातमी वर जात होती, त्याच वाटेने काम सुधारण्याच्या सूचनाही जाऊ लागल्या. इजेमुळे कामाचे दिवस बुडण्याचे प्रमाण दर १०० कामगारांमागे १.८६ होते, ते ओ’नील २००० मध्ये निवृत्त होईपर्यंत ०.२ वर आले. त्याच काळात वार्षिक नफा पाचपट झाला. या नफ्याचे सारे श्रेय सुरक्षिततेला देणे भाबडेपणाचे ठरेल. ॲल्युमिनियमचा बाजार होता, इतर निर्णय होते. पण सुरक्षिततेवर भर दिला म्हणून कंपनी तोट्यात जाते, ही समजूत तरी या उदाहरणापुढे टिकत नाही.

आपल्याकडे खालून वर बोलण्याची हीच वाट बहुतेक वेळा बंद असते. गार्ड काढून प्रेस चालते हे शॉपमधल्या प्रत्येकाला ठाऊक असते आणि मालकाच्या टेबलापर्यंत कुणी पोहोचवत नाही. ‘अपघातविरहित १०० दिवस’ असे फलक लावून बक्षिसे देणारे कारखाने ही वाट नकळत आणखी बंद करतात. बक्षीस हुकू नये म्हणून पट्टी बांधलेल्या माणसाला ऑफिसात बसवून ठेवले जाते आणि फलकावरचा आकडा पुढे सरकतो. याऐवजी साधी वही ठेवावी. ‘थोडक्यात वाचलो’ अशी प्रत्येक घटना तिच्यात लिहावी : मशिन कोणते, वेळ कोणती, किती वेळ काम थांबले, काय मोडले. पहिली नोंद करणाऱ्याला ओरडा बसला तर दुसरी नोंद होणार नाही, एवढे मालकाने पक्के लक्षात ठेवावे. तीन महिन्यांनी हिशेबनिसाला शेजारी बसवून प्रत्येक नोंदीपुढे रुपये मांडले, की गार्डच्या किमतीची तुलना कशाशी करायची ते समजते.

फायद्याच्या या युक्तिवादाला एक मर्यादा आहे आणि ती लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. बोट तुटले तर कारखान्याचे काम त्याच दिवशी थांबते. फाउंड्रीतल्या वाळूची बारीक धूळ फुफ्फुसात जाते तेव्हा काहीच थांबत नाही. तिच्यामुळे होणारा सिलिकोसिस दिसायला अनेकदा दहा-वीस वर्षे लागतात. तोवर कामगार दुसऱ्या कारखान्यात गेलेला असतो किंवा गावी परतलेला असतो, आणि खर्च त्याचे घर सोसत असते. फोर्जिंग हॅमरशेजारी हळूहळू जाणाऱ्या कानांचेही तेच. अशा आजारांसाठी मालकाच्या नफ्यावर विसंबता येणार नाही. तिथे कायदा, तपासणी आणि संघटना यांनाच उभे राहावे लागेल. पुढच्या लेखांकात कोल्हापूरच्या फाउंड्रीतली ही धूळ कुठे तयार होते आणि ती उडण्याआधीच कशी अडवता येते, ते पाहू.