शेतकऱ्याचा शोध आणि पेटंट कार्यालयाची वाट

बालाघाटाच्या डोंगरांत वसलेल्या धारूर तालुक्यात सीताफळाचा हंगाम आला की एक अडचण दरवर्षी उभी राहते. पिकलेले फळ दोन-तीन दिवसांत नासते. गर काढून ठेवावा, तर बिया वेगळ्या करण्यात दिवस मोडतो आणि तोवर गर काळा पडू लागतो. अशा वेळी एखाद्या हुन्नरी शेतकऱ्याने गावच्या लोहाराच्या साहाय्याने गर व बिया वेगळ्या करणारे नव्या रचनेचे यंत्र तयार केले, तर त्यावर त्याचा हक्क कसा राहील?

हा हक्क पेटंट अधिनियम, १९७० अन्वये मिळतो. त्यास मराठीत एकस्व असेही म्हणतात. शोध नवा असावा, जाणकारास सहज सुचेल असा नसावा व उद्योगात उपयोगी पडणारा असावा, अशा अटी आहेत. पेटंट मिळाल्यास, वेळोवेळी नूतनीकरण शुल्क भरल्यास, अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे तो शोध दुसऱ्या कोणास परवानगीवाचून व्यापारासाठी वापरता येत नाही. दोघांनी स्वतंत्रपणे एकच शोध लावला असेल, तर ज्याचा अर्ज आधी त्याचा हक्क आधी. म्हणून अर्जाच्या तारखेस फार महत्त्व आहे.

महाराष्ट्रासाठी पेटंट कार्यालय मुंबईस आहे. धारूरपासून ते चारशे किलोमीटरांहून अधिक दूर पडते. पूर्वी कागद हाती घेऊन जावे, अथवा टपालाने पाठवावे, एवढाच मार्ग होता. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने इलेक्ट्रॉनिक अभिलेख व डिजिटल स्वाक्षरी यांस कायद्याची मान्यता दिली. २००७ मध्ये पेटंटचे अर्ज संगणकाद्वारे स्वीकारण्यास प्रारंभ झाला. २०१४ च्या नियमांनी कागदी अर्जास १० टक्के अधिक शुल्क लावले. २०१६ च्या नियमांनी पेटंट एजंटांस इलेक्ट्रॉनिक मार्गानेच कागद दाखल करणे बंधनकारक केले, आणि सुनावणी दूरदृश्य पद्धतीने घेण्याची सोयही केली. स्वतः अर्ज करणाऱ्या शेतकऱ्यास कागदी अर्जाचा मार्ग अजूनही खुला आहे. पण व्यक्तीस इलेक्ट्रॉनिक अर्जाचे मूळ शुल्क १,६०० रुपये, तर कागदी अर्जाचे १,७५० रुपये आहे. तपासणीचे शुल्क निराळे भरावे लागते.

शोध पूर्णत्वास गेला नसला तरी थांबण्याचे कारण नाही. तात्पुरते वर्णन देऊन अर्ज करता येतो व १२ महिन्यांच्या आत संपूर्ण वर्णन सादर करावे लागते. १५ मार्च २०२४ पासून केलेल्या अर्जांसाठी तपासणीची मागणी ३१ महिन्यांच्या आत करावयाची आहे.

या सोयीबरोबर एक धोकाही आला आहे, आणि तो ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावा. कार्यालयाचे आक्षेपपत्र आता ई-मेलने येते. ते निघाल्या दिवसापासून उत्तरासाठी ६ महिने मिळतात. मुदतीत मागणी केल्यास ती आणखी ३ महिने वाढते. उत्तर न गेल्यास अर्ज सोडून दिला असे कायदा मानतो. शेतकरी अर्ज भरण्यासाठी संगणकाच्या दुकानात जातो आणि दुकानदाराचाच ई-मेल पत्ता लिहिला जातो. पुढे पत्र येते, पण ते शेतकऱ्यापर्यंत पोहोचत नाही, आणि वर्षांची मेहनत वाया जाते. सबब ई-मेल पत्ता व भ्रमणध्वनी क्रमांक शेतकऱ्याचा अथवा त्याच्या घरातील माणसाचाच असावा. आठवड्यातून एकदा तरी तो ई-मेल उघडून पाहावा. ऊसतोडीस परगावी जाणाऱ्या कुटुंबांनी तर हे विशेष ध्यानात ठेवावे.

दुसरी खबरदारी अर्जापूर्वीची आहे. यंत्र आधी प्रदर्शनात मांडले, विकले किंवा त्याचे चित्रण सर्वत्र पसरले, तर काही मोजके अपवाद वगळता नवेपणा संपतो. आधी अर्ज, मग प्रदर्शन, हाच क्रम हितावह होय.

प्रत्येक गोष्टीस पेटंट मिळत नाही, हेही शेतकऱ्यास स्पष्ट सांगावे. लागवडीची वा फळबागेची पद्धत, तसेच वनस्पती व बियाणे यांस कलम ३ अन्वये पेटंट नाही. शेतकऱ्याने जोपासलेल्या वाणाची नोंदणी २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियमाखाली होते. बीडच्या सीताफळास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते त्या भागातील उत्पादकांचे सामाईक आहे, कोणा एकाचे नव्हे.

गावात कोणी नवे अवजार केल्याचे कानी आले, तर कार्यकर्त्याने प्रथम एका वहीत त्याची आकृती, रचना व तारीख नोंदवून घ्यावी, आणि अर्ज होईपर्यंत ती वही इतरांस दाखवू नये. मुंबईचे अंतर कायद्याने संपविले आहे. आता वेळेवर अर्ज करणे व आलेले पत्र वेळेवर वाचणे, एवढेच काम शेतकऱ्याकडे उरले आहे.