पोस्टात जागा निघाल्या, पण वाढल्या का?

‘पोस्टात भरती निघाली रे, पटकन फॉर्म भर!’ मोबाइलवर असा मेसेज फिरला, की सेनगाव तालुक्यातल्या पुसेगावपासून हिंगोलीपर्यंत ऑनलाइन सेंटरवर दहावीची मार्कशीट घेतलेली पोरं दिसायला लागतात. तुम्हीही त्यांच्यात असाल, तर आधी दोन मिनिटं थांबा.

ग्रामीण डाक सेवकांच्या देशभरात जानेवारी २०२३ मध्ये ४०,८८९, जुलै २०२४ मध्ये ४४,२२८ आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये २१,४१३ जागा निघाल्या. म्हणजे पोस्ट खातं आधी वाढलं आणि मग निम्म्यावर आलं? तसं नाही. जाहिरातीतला आकडा भरायच्या जागांचा असतो, एकूण मनुष्यबळाचा नाही. कुणी ६५ व्या वर्षी निवृत्त होतं, कुणी काम सोडतं, कुणी खात्याची परीक्षा देऊन पोस्टमन होतं, की जागा रिकामी होते. खरी वाढ व्हायला नव्या शाखा उघडाव्या लागतात. त्यामुळे ‘यंदा एवढ्या निघाल्या, पुढच्या वर्षी त्याहून जास्त निघतील’ हे गणित मांडून वर्ष घालवू नका.

दुसरी गोष्ट. इथे परीक्षा नाही, मुलाखत नाही. दहावीच्या मार्कांवर मेरिट लागतं. म्हणजे क्लास लावून हे मार्क वाढणार नाहीत, आणि ‘पैसे दे, काम करून देतो’ म्हणणारा सरळ फसवतोय.

तिसरी गोष्ट पगाराची. काम रोज चार ते पाच तासांचं. मूळ मानधन शाखा डाकपालाला १२,००० पासून, सहायक शाखा डाकपाल आणि डाक सेवकाला १०,००० पासून. वर महागाई भत्ता. शाखा डाकपालाला पोस्टासाठी गावात जागाही स्वतःच बघावी लागते. उपजीविकेचं दुसरं साधन असावं, अशी अटच आहे. घरची शेती किंवा दुकान सांभाळणाऱ्याला हे काम छान जमतं. फक्त यावरच घर चालवायचं ठरवलं, तर ओढाताण होणार.

मग फॉर्म भरायचा की नाही? मार्क चांगले असतील तर नक्की भरा. आत गेल्यावर खात्याच्या परीक्षा देऊन पुढे जाता येतं. पण फॉर्म भरून लिस्टची वाट बघत पारावर बसू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा पुस्तक उघडा, नाहीतर एखादं काम शिकायला लागा. लिस्टमध्ये नाव आलं नाही, तरी तेवढे महिने तुमच्या हातात राहतील.