कुंभारीण : एका नांवाचा अर्थ

दाराच्या चौकटीवर, कोनाड्यांत किंवा फडताळाच्या मागें मातीचें इवलेंसें घर कोणाच्या पाहण्यांत आलें नाहीं? तें बांधणाऱ्या, सुतासारख्या कमरेच्या माशीला आपल्याकडे कुंभारीण म्हणतात. गांधीलमाशी ही हिचीच भाऊबंद. परंतु गांधील लांकडाचे तंतू चघळून कागदासारखें पोळें करते व समुदायानें राहते. कुंभारीण एकटी राहते व मातीचें काम करते.

हें नांव ज्यानें प्रथम ठेविलें त्याची नजर बारीक असली पाहिजे. ओल्या जागेवरून चिखलाची गोळी जबड्यांत धरून ही माशी येते, आणि चाकावांचून, केवळ तोंड व पुढचे पाय यांच्या साहाय्यानें, थरावर थर चढविते. हिच्या एका जातीचें घर तर आंखूड गळ्याच्या, काठ दुमडलेल्या बुडकुल्यासारखें दिसतें. शिवाय नांव स्त्रीलिंगी आहे, तेंही यथार्थच. कारण माती वाहणें, घर उभारणें, त्यांत शिधा भरणें हीं सारीं कामें मादीच करते. इंग्रजांनींही हिला ‘पॉटर वास्प’ म्हणजे कुंभार-गांधील म्हटलें. लात्रेय या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञानें मात्र १८०२ सालीं ‘युमेनीस’ असें ग्रीक नांव दिलें. त्याचा अर्थ प्रेमळ, कृपाळू.

आपल्या संस्कृत ग्रंथांत हिचें नांव निराळेंच आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधांत अवधूतानें जे चोवीस गुरु सांगितले, त्यांतील शेवटचा ‘पेशस्कृत्’ तो हाच. ‘पेशस्’ म्हणजे रूप, आकार; पेशस्कृत् म्हणजे रूप घडविणारा. बृहदारण्यकोपनिषदांत सोनाराला याच घडणीचा ‘पेशस्कारी’ हा शब्द योजिलेला आहे. एकनाथमहाराजांनीं १५७३ सालीं काशीस आपली मराठी टीका पुरी केली, तींतही हा दृष्टान्त आहे. भृंगीनें किड्याला मातीच्या घरांत कोंडावें, किड्यानें भयानें तिचेंच अखंड ध्यान करावें, आणि शेवटीं तिचेंच रूप घेऊन बाहेर पडावें!

प्रत्यक्षांत त्या घरांत काय घडतें? कुंभारीण अळीला किंवा कोळ्याला नांगी मारून लुळें करते. ठार मारीत नाहीं. असे अनेक जीव एकेका खोलींत भरून, एक अंडें घालून ती तोंड लिंपून टाकते. बुडकुलें करणारी जात तर अंडें आधींच एका बारीक धाग्यानें छताला टांगून ठेवते. आंरी फाब्र या फ्रेंच निरीक्षकानें ही गोष्ट बारकाईनें पाहून लिहून ठेविली आहे. अंड्यांतून निघालेलें पिलूं तो ताजा शिधा खाऊन वाढतें, कोश करतें, आणि पंख फुटल्यावर भिंत फोडून उडून जातें. किडा भृंगी होत नाहीं. किडा हें भृंगीच्या लेंकराचें अन्न होय.

मग मुलांनीं विचारलें तर घरच्या वडील माणसांनीं काय सांगावें? आम्हांस वाटतें, दोन्ही गोष्टी सांगाव्या, पण त्यांची गल्लत करूं नये. किडा आंत गेला हें खरें, माशी बाहेर आली हेंही खरें. चुकलें तें मधलें अनुमान, कारण तेथें मातीची भिंत आड होती. ‘कुंभारीण’ हें नांव डोळ्यांनीं पाहिलेल्यावर बेतलेलें आहे, म्हणून त्याला बाध येत नाहीं. ध्यानाचा महिमा सांगणारा दृष्टान्त कीर्तनांत शोभतो. कीटकांची माहिती विचारणाऱ्या मुलाला मात्र तो उत्तर म्हणून देणें योग्य नव्हे.

दिवाळीची झाडलोट करतांना असें घर दिसल्यास केरसुणी उचलण्यापूर्वीं क्षणभर पाहावें. त्याला वाटोळें भोंक असेल तर पिलूं बहुधा उडून गेलें आहे. लिंपण शाबूत असेल तर आंत बाळंतविडा भरून ठेविलेला आहे असें समजावें. ही माशी डिवचल्यावांचून सहसा डसत नाहीं. तेव्हां तें घर तसेंच राहूं देण्यास हरकत नसावी.