पिकअपमधला जळका वास आणि सूनबाईची वही

पाच डिसेंबर जवळ आला की माझ्या भाच्याकडे पुस्तकविक्रेत्यांचे निरोप येऊ लागतात. इगतपुरीकडे राहणारा हा भाचा स्वतःची पिकअप चालवतो. वर्षभर घोटीचा तांदूळ आणि भाजीपाला कल्याणच्या बाजारात पोचवायचा आणि महापरिनिर्वाण दिनाच्या आदल्या दिवशी आपल्या लोकांच्या पुस्तकांच्या पेट्या, सतरंज्या आणि भोजनदानाची भांडी दादरला शिवाजी पार्कवर उतरवायची, असा त्याचा नेम. २०२३ साली मात्र अशोक विजयादशमी झाली आणि गाडीत जळका वास येऊ लागला.

गाडी कर्जावर घेतलेली. नोकऱ्यांची दारे अरुंद झाल्यापासून आपल्या वस्त्यांतली कितीतरी मुले अशी एखादी गाडी घेऊन पोट भरतात. गाडी दारात उभी राहिली तरी हप्ता थांबत नाही. म्हणून घाबरून त्याने जवळचे गॅरेज गाठले. मिस्तरीने वास घेतला आणि म्हणाला, "क्लच जळालाय." क्लचप्लेट, प्रेशरप्लेट, बेअरिंग सगळे नवे बसले. दोन हप्त्यांएवढे पैसे गेले. चौथ्या दिवशी वास परत हजर! दुसऱ्या गॅरेजने इंजिनचे पॅकिंग बदलायला सांगितले, तेव्हा त्याने मला फोन केला. माझी हयात वर्कशॉपमध्ये गेलेली.

मी विचारले, "वास कधी येतो?" तो म्हणाला, "मामा, येतो कधीही." तेवढ्यात सूनबाईने फोन घेतला. हप्त्यांचा आणि डिझेलचा हिशेब ती वहीत ठेवते. त्याच वहीत तिने वासही टिपून ठेवला होता. कसारा घाट चढताना, माल भरलेला असतानाही वास नाही. उतरताना हमखास. शहापूरच्या गर्दीत वारंवार ब्रेक मारल्यावर हमखास. रिकामी गाडी सपाट रस्त्यावर धावताना कमी. डिझेल जास्त लागते, आणि हे म्हणतात स्टिअरिंग डावीकडे ओढते.

अर्धे निदान तिथेच झाले. क्लच जळतो तो चढावर, माल भरून गाडी उचलताना. इंजिन ओरडते, पण गाडी वेग घेत नाही. तेल गळून सायलेन्सरच्या गरम पाइपावर पडत असेल तर गाडी थांबल्यावर बॉनेटमधून तेलकट वास आणि निळसर धूर येतो. बेल्ट घसरत असेल तर रबराचा वास आणि चिरका आवाज. वायरिंगचा वास प्लास्टिक जळाल्यासारखा उग्र, आणि तो सगळ्यांत धोक्याचा. तेव्हा किल्ली बंद करून आधी बॅटरीचे टर्मिनल काढावे. (कधी कधी सायलेन्सरला चिकटलेली रस्त्यावरची प्लास्टिकची पिशवीच असते. मी स्वतः अशा पिशवीपायी एक दुपार घालवली आहे.) ज्या नव्या डिझेल गाड्यांत डीपीएफ आहे, त्यांत काजळी आपोआप जाळली जात असताना गरम वास येतो. तो बिघाड नव्हे; मात्र अशी गाडी वाळक्या गवतावर उभी करू नये.

भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले होते, कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखा. गॅरेजमध्ये आपण नेमके उलटे करतो.

रविवारी मी गेलो. वीस किलोमीटर फिरवून गाडी थांबवली आणि हात न लावता प्रत्येक चाकाजवळ तळवा नेला. पुढचे डावे चाक भट्टीसारखे, बाकीची कोमट. म्हणजे ब्रेक धरून बसत होता. गाडी गार होऊ दिली. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये, तडा जातो. मागच्या चाकांना दगड लावून पुढचे चाक जॅकवर उचलले. हाताने फिरवले तर फिरते. भाच्याला पेडल जोरात दाबून सोडायला सांगितले. आता चाक हलेना!

दोष मास्टर सिलिंडरचा, कॅलिपरचा की मधल्या रबरी पाइपाचा, हे ठरवायचे होते. आधी रबरी पाइपाच्या वरचा लोखंडी पाइपाचा सांधा सैल केला. चाक तसेच जाम. सांधा घट्ट केला आणि कॅलिपरवरचा निपल उघडला. ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळे. दाब रबरी पाइपाच्या पुढे अडकून पडत होता. पाइप बाहेरून धडधाकट दिसे, पण आतून फुगला होता. पायाच्या जोराने ऑइल पुढे जाई, परत मात्र येत नसे. त्यामुळे पॅड डिस्कला घासत राहत आणि जळत.

दोन्ही बाजूंचे पाइप नवे घेतले. एकाच वयाचे असतात, दुसऱ्याचा भरवसा काय? तांब्याचे वायसर नवे, पॅड नवे. कॅलिपरच्या पिना साफ करून ब्रेकचेच ग्रीस लावले. ब्रेक ऑइल पूर्ण बदलले, टाकीच्या झाकणावर जे डॉट लिहिले आहे तेच. जुने ऑइल चहासारखे काळपट झाले होते. हे ऑइल हवेतला ओलावा शोषते. मग घाटात चाक तापले की आतल्या पाण्याची वाफ होते, आणि पेडल दाबले तर पाय थेट तळाशी. त्या वासाच्या पुढची पायरी हीच होती. शेवटी भाचा पेडल दाबत राहिला, मी निपलमधून हवा काढली. सगळ्याचा खर्च क्लचच्या मजुरीपेक्षाही कमी.

भाच्याचा चेहरा पडला होता. "मामा, क्लच फुकट गेला."

"फुकट नाही," सूनबाई म्हणाली, "पुढची पाच वर्षं तो खर्च नाही. पण आता वही बघितल्याशिवाय गॅरेजात जायचं नाही."

चार तारखेला रात्री पेट्या भरल्या. पाचच्या पहाटे घाट उतरून कसाऱ्याला चहासाठी थांबलो, तेव्हा सूनबाई स्वतःच खाली उतरली आणि एकेका चाकाजवळ तळवा धरत गाडीभोवती फिरली. चारही सारखी कोमट. मग केबिनमध्ये चढून तिने वहीत वेळ टाकली आणि भाच्याला म्हणाली, "उजव्या मागच्या टायरला हवा कमी वाटते, बघा जरा."