जुनी दुचाकी चोरीला गेली तर विम्याचे पैसे मिळतात का? कमी खर्चात गाडी जपायची कशी?

घरांना दारे-कुलपे नसलेले गाव म्हणून शनिशिंगणापूर जगभर ओळखले जाते. २०११ मध्ये युको बँकेने तिथे शाखा उघडली, तेव्हा ‘कुलूप नसलेली बँक’ म्हणून देशभर बातम्या झाल्या. पण त्याच गावात दर्शनाला आलेला भाविक पार्किंगमध्ये दुचाकी लावताना हँडल लॉक नीट बसले का, हे हँडल हलवून पाहतोच. गाडीच्या बाबतीत अहिल्यानगर जिल्ह्यात कुणी बेफिकीर राहत नाही. तरीही दहा-बारा वर्षे वापरलेल्या दुचाकीच्या सुरक्षेवर पैसे खर्च करायची वेळ आली की ‘एवढ्या जुन्या गाडीला कोण हात लावतो’ हे उत्तर ठरलेले असते. हा समज महागात पडतो. पहाटे दुधाचे कॅन घालायला, सुपा किंवा नागापूरच्या एमआयडीसीत पाळीला जायला आणि दुपारी मार्केट यार्डात भाजी न्यायला हीच गाडी लागते. ती गेली तर तिची बाजारातली किंमत वीस-पंचवीस हजार असेल, पण तेवढ्यात तशी दुसरी चालती गाडी मिळत नाही. शिवाय बहुतेक वेळा विमाही उपयोगी पडत नाही.

जुन्या गाडीवरच डोळा का?

जुनी गाडी चोरायला सोपी आणि खपवायलाही सोपी. नव्या मोटारींत चावीतली चिप इंजिनला ओळख पटवते, त्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. जुन्या दुचाकी, ओम्नी, मारुती ८०० किंवा पिकअपमध्ये अशी सोय नाही. त्यातच वर्षानुवर्षे वापरून चावी झिजते, कुलपाच्या आतल्या पट्ट्याही झिजतात, आणि मग कुठलीही मिळतीजुळती चावी फिरू लागते. ‘माझ्या गाडीला मित्राची चावी लागते’ असे कौतुकाने सांगणारे गावोगाव भेटतात. ते कौतुक नाही, धोक्याची सूचना आहे. जुन्या ट्रॅक्टरचे तर विचारूच नका, एकाच मॉडेलच्या अनेक ट्रॅक्टरना एकमेकांची चावी चालते.

खपवण्याची बाजूही तितकीच सोपी. एकाच मॉडेलच्या लाखो गाड्या रस्त्यावर असल्याने सुट्या भागांना कायम मागणी असते. शिवाय अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. नाशिक, छत्रपती संभाजीनगर, बीड, धाराशिव, सोलापूर, पुणे आणि ठाणे अशा सात जिल्ह्यांना त्याच्या सीमा लागतात. माळीवाड्यातून किंवा शिर्डीच्या पार्किंगमधून उचललेली गाडी मालकाला पत्ता लागेपर्यंत दुसऱ्या जिल्ह्यात गेलेली असू शकते. काष्टी, लोणी, घोडेगावचे जनावरांचे बाजार, मढी-मोहट्याच्या यात्रा, शिर्डीची सुट्ट्यांमधली गर्दी इथे शेकडो गाड्या एकाच जागी आणि तासन् तास उभ्या असतात. अशा ठिकाणी कोण कुणाची गाडी काढतोय, हे कुणी पाहत नाही.

विमा आहे ना, मग काळजी कशाची?

इथेच मोठा गैरसमज आहे. मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे तो थर्ड पार्टी विमा. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे नुकसान झाले तर तो उपयोगी पडतो. आपली गाडी चोरीला गेली तर त्यातून एक रुपयाही मिळत नाही. जुन्या दुचाकींचे बहुतेक मालक, पोलिसांनी अडवले तर दाखवायला म्हणून, एवढाच विमा काढतात.

चोरीची भरपाई सर्वसमावेशक, म्हणजे फुल विम्यात मिळते. पण ती गाडीच्या तेव्हाच्या ठरवलेल्या किमतीइतकीच असते. विमा कंपन्यांच्या तक्त्यानुसार गाडी चार ते पाच वर्षांची झाली की मूळ किमतीतून ५० टक्के घसारा धरला जातो. त्यापुढची किंमत मालक आणि कंपनी यांच्यात ठरते. फार जुन्या दुचाकीला असा विमा द्यायला अनेक कंपन्या उत्सुकही नसतात. म्हणून गाडी पाच-सात वर्षांची असेल तर फुल विम्याचा हप्ता आणि मिळणारी रक्कम यांचा हिशेब करून पाहावा. पंधरा वर्षांची असेल तर तो हप्ता कुलपांवर खर्च केलेला बरा.

पुण्याच्या ‘एआरएआय’ने मान्यता दिलेले चोरीविरोधी उपकरण बसवले तर विम्यात सूट मिळते, अशी जाहिरात दुकानांत दिसते. सूट खरी आहे, पण ती स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर अडीच टक्के आणि कमाल ५०० रुपये अशी ठरलेली होती. जुन्या दुचाकीचा तो हप्ताच काही शे रुपयांचा असतो, म्हणजे बचत चहाच्या खर्चाएवढी. सुटीच्या आमिषाने महाग उपकरण घेऊ नये.

पैसे आधी कशावर खर्च करावेत?

सगळ्यात आधी नव्या लॉक सेटवर. इग्निशन, पेट्रोल टाकी आणि बाजूच्या पॅनेलची कुलपे आणि दोन नव्या चाव्या असा संच बहुतेक जुन्या दुचाकींसाठी हजार रुपयांच्या आत-बाहेर मिळतो. झिजलेल्या चावीवरून डुप्लिकेट चावी बनवून घेणे म्हणजे झिजच पुढे चालवणे. जुन्या गाड्यांचे हँडल लॉकही कित्येकदा नावापुरते उरलेले असते, तेही याच वेळी दुरुस्त होते. संच बदलल्याचे बिल जपून ठेवावे. फुल विमा असेल तर चोरीच्या दाव्यात कंपनी सगळ्या चाव्या मागते आणि कंपनीच्या मूळ चाव्या का नाहीत, याचे उत्तर द्यावे लागते.

दुसरा खर्च डोळ्यांना दिसणाऱ्या कुलपाचा. बाजारात डिस्क लॉकचा बोलबाला आहे, पण तो डिस्क ब्रेक असलेल्या गाडीलाच लागतो. जुन्या स्प्लेंडर, प्लॅटिना, बॉक्सर बहुतांशी ड्रम ब्रेकच्या. त्यांना जाड साखळी आणि चांगले कुलूप हाच पर्याय. साखळी नुसती पुढच्या चाकात अडकवली तर एकशे दहा किलोच्या आसपासची गाडी दोघे जण उचलून टेम्पोत टाकू शकतात. ती चाकातून आणि चासीतून घेऊन खांबाला, झाडाला किंवा घराच्या ग्रिलला बांधावी. शेजारी-शेजारी लावलेल्या दोन दुचाकी एकाच साखळीत बांधल्या तरी चालते. चार-सहाशे रुपयांत हे काम होते. साखळी जमिनीवर लोळत ठेवू नये, जमिनीवर टेकलेली कडी हातोड्याने तोडणे सोपे जाते. कुलूप काढायला विसरून गाडी पुढे घेतली तर पडायची भीती असते, म्हणून हँडलला रंगीत दोरी किंवा रबर अडकवण्याची सवय चांगली.

तिसरी गोष्ट, छुपा स्विच. सीटखाली किंवा पॅनेलच्या आत बसवलेला हा छोटा स्विच बंद असला की चावी फिरवूनही इंजिन सुरू होत नाही. वस्तू पन्नास-शंभर रुपयांची, बाकी मजुरी. प्रत्येक मॉडेलची वायरिंग वेगळी असल्याने हे काम ओळखीच्या मेकॅनिककडूनच करून घ्यावे. नुसत्या पिळलेल्या वायरींवर चिकटपट्टी लावून दिलेला जोड पावसाळ्यात त्रास देतो, शॉर्टसर्किटही होऊ शकते. आणि स्विच कुठे आहे हे पारावर सांगत बसू नये.

बिनखर्चाचे काही नाही का?

आहे, आणि या एका बाबतीत जुनी गाडी नव्यापेक्षा सरस आहे. एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि दुचाकींत कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले. त्याआधीच्या बहुतेक मोटारसायकलींना टाकीखाली पेट्रोलचा कॉक असतो. तो बंद केला की कार्ब्युरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर गाडी थोडे अंतर जाते आणि बंद पडते. चोराला भर रस्त्यात गाडी का बंद पडली हे शोधत थांबणे परवडत नाही. सराईताला हे माहीत असते, हे खरे, पण प्रत्येक चोर सराईत नसतो.

रात्री गाडी भिंतीकडे तोंड करून, गिअरमध्ये आणि दुसऱ्या गाडीच्या आड लावावी. जुन्या मोटारीला आणि पिकअपला गिअर लॉक किंवा स्टिअरिंगला बसणारा दांडा हजार-दीड हजारात मिळतो. ट्रॅक्टरला बॅटरीचा कट-ऑफ स्विच लावून त्याची चावी घरी न्यावी. मूळ आरसी डिकीत ठेवण्याची जुनी सवय मात्र सोडायला हवी, चोराच्या हातात तयार कागद पडतात. डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधली आरसी तपासणीत ग्राह्य धरली जाते.

जीपीएस ट्रॅकर शेवटी. दीड हजारापासून पुढे मिळतो, सिमचा रिचार्ज वेगळा. बॅटरी अशक्त असेल तर काही दिवस उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी तो उतरवतो. शिवाय तो चोरी रोखत नाही, झाल्यावर माग दाखवतो. भाड्याने चालणाऱ्या पिकअपला तो परवडतो. पंचवीस हजारांच्या दुचाकीला आधी वरचे सगळे करावे.

नव्या नंबरप्लेटचा उपयोग होतो का?

राज्यात १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या वाहनांना हाय सिक्युरिटी नंबरप्लेट सक्तीची करण्यात आली आणि त्यासाठीची मुदत अनेकदा वाढवण्यात आली. दुचाकी आणि ट्रॅक्टरसाठी ४५० रुपये, चारचाकीसाठी ७४५ रुपये आणि त्यावर जीएसटी असा दर ठरला. अशोकचक्राचा होलोग्राम, लेझरने कोरलेला स्वतंत्र क्रमांक आणि एकदा बसवल्यावर न तोडता न निघणारे स्नॅप लॉक ही तिची वैशिष्ट्ये. प्लेटमुळे गाडी चोरीला जायची थांबत नाही. पण एमएच-१६ किंवा एमएच-१७ ची गाडी पाच मिनिटांत दुसऱ्या नंबरवर फिरवणे अवघड होते. सक्ती आहेच, तर तेवढा फायदा पदरात पडतो.

गाडी गेलीच तर पहिले काय?

११२ वर कळवावे आणि त्याच दिवशी गुन्हा नोंदवावा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असली तरी पोलिस ठाण्याला फिर्याद घ्यावी लागते आणि तिची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. संगमनेरच्या माणसाची गाडी शिर्डीत गेली तर ‘तिकडे जा’ हे उत्तर चालत नाही. चासी आणि इंजिन क्रमांकाचा फोटो मोबाइलमध्ये आधीपासून हवा, कारण नंबरप्लेट सर्वांत आधी बदलते.

फुल विमा असेल तर कंपनीलाही लगेच कळवावे. फिर्याद वेळेत दिली असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवले म्हणून दावा नाकारता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये दिला. ते प्रकरण चोरीला गेलेल्या ट्रॅक्टरचेच होते. गाडी सापडली नाही तर पोलिसांच्या ‘अ समरी’ अहवालानंतरच, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही अशी नोंद झाल्यावर, पैशांचा मार्ग मोकळा होतो.

या सगळ्याला एक अट आहे. आरसीवर नाव आपले हवे. जुन्या गाड्या तीन-चार हात फिरतात, सह्या केलेले फॉर्म २९ आणि ३० कपाटात पडून राहतात आणि कागदोपत्री मालक पहिलाच असतो. गाडी चोरीला गेली की दावा अडतो. ती गुन्ह्यात किंवा अपघातात सापडली की पोलिस पहिल्या मालकाच्या दारात जातात. सेकंडहँड गाडी घेण्यापूर्वी एम-परिवहनवर मालकाचे नाव आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेवर ती चोरीची नाही ना, हे पाहायला पैसे लागत नाहीत. ‘कागद नंतर देतो’ म्हणत निम्म्या किमतीत मिळणारी गाडी चोरीची निघाली, आणि ती जाणूनबुजून घेतल्याचे सिद्ध झाले, तर घेणाऱ्यालाही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

सापडलेली गाडी परत मिळण्यासाठी न्यायालयात अर्ज करून सुपूर्तनाम्यावर ती ताब्यात घ्यावी लागते. जप्त वाहने ठाण्याच्या आवारात दीर्घकाळ पडून राहू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितले आहे. तरीही पोलिस ठाण्यांच्या आवारात गंजत पडलेल्या दुचाकींच्या रांगा दिसतात. त्यातल्या कित्येकींची ओळख पटली तरी आरसीवरचा मालक ती केव्हाच विकून मोकळा झालेला असतो, आणि ज्याच्या दारातून ती गेली त्याच्याकडे हक्क सांगायला कागद नसतो.